एकच गाणे, दोन ठेके: रॉक बँडच्या डान्स रिमिक्स अल्बमवर श्रोत्यांचे एकमत का होत नाही

माझा पुतण्या इथे सोलापुरातच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचा मित्र, दोघेही लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडचे निस्सीम चाहते. मध्यंतरी एका रविवारी दोघे आमच्याकडे जेवायला आले आणि पहिल्या भाकरीपासून ताकापर्यंत त्यांचा एकच वाद चालला होता. या बँडने २०१३ मध्ये ‘रिचार्ज्ड’ नावाचा अल्बम काढला. आदल्या वर्षीच्या ‘लिव्हिंग थिंग्ज’मधली गाणी निरनिराळ्या कलाकारांकडे सोपवून, ती नाचाच्या संगीतात नव्याने बांधून घेतलेली, असा तो अल्बम. पुतण्याला ती आवडत्या गाण्यांची मोडतोड वाटते. मित्राला त्याच गाण्यांत पूर्वी न जाणवलेली ताकद सापडते. शेवटी पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, चांगलं विणलेलं कापड उसवून पुन्हा विणायची गरजच काय?”

त्या दिवशी मला त्याला पुरते उत्तर देता आले नाही, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. रॉक बँडचा असा अल्बम आला की श्रोत्यांमध्ये नेहमी हीच फूट पडते, आणि दोन्ही बाजूंचे लोक समोरच्याला कान नाही असे समजून बोलणे थांबवतात. मला ते खरे वाटत नाही. दोघांचेही कान शाबूत असतात; ते एकाच गाण्याकडून दोन वेगळ्या गोष्टी मागत असतात. त्या कोणत्या, हे समजण्यासाठी आधी रिमिक्स कसे तयार होते आणि नाचाच्या संगीताची गरज काय असते, हे पाहावे लागेल.

आधी ‘डीजे’ आणि ‘रिमिक्स’ या दोन शब्दांविषयी

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की मिरवणुकीतल्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते, आणि ‘डीजे लावला’ असे आपण एखाद्या यंत्राविषयी बोलावे तसे बोलतो. मुळात डीजे, म्हणजे डिस्क जॉकी, हा माणूस असतो. नाचणाऱ्यांसमोर एकामागून एक गाणी निवडून, एक संपण्याच्या आत दुसरे त्यात बेमालूम मिसळून वाजवणे हे त्याचे काम. या लेखात डीजे हा शब्द याच अर्थाने घेतला आहे.

‘रिमिक्स’ या शब्दाची आपल्याकडे झालेली गफलत त्याहून मोठी आहे. २००० च्या आसपास जुन्या हिंदी गाण्यांच्या रिमिक्सची लाट आली होती. त्यांतल्या बहुतेक गाण्यांत मूळ गायिकेचा आवाज नसेच. नव्या गायिकेने नव्या ठेक्यावर तीच चाल पुन्हा गायलेली असे. याचे कारण कायद्यात होते. मूळ ध्वनिमुद्रण एका कंपनीच्या मालकीचे असते आणि तिच्या परवानगीवाचून ते कोणालाही वापरता येत नाही. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एका कलमानुसार, ठरावीक काळ गेल्यावर, सूचना आणि मानधन देऊन, तेच गाणे इतरांना स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करता येत असे. कायद्याच्या भाषेत हे ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि तांत्रिक गरजेपलीकडे मूळ शब्द-सुरांत बदल करण्यास मनाई केली. म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षे रिमिक्स म्हणत आलो, ते खरे तर पुनर्गायन होते, आणि त्यातल्या अनेक गाण्यांचा दर्जा आठवला तर त्या शब्दाविषयी आपल्या मनात अढी का बसली हेही कळते.

खऱ्या रिमिक्समध्ये गायक तोच असतो, त्याचा आवाजही त्याच दिवशी मुद्रित झालेला तोच असतो. बदलते ते त्याच्या भोवतालचे सगळे.

चादर, सूत आणि स्टेम

सोलापूरकराला हे समजावण्यासाठी चादरीइतका जवळचा दाखला नाही. मागावर ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे धागे, आणि नक्षी ठरवणारे छिद्रांचे पुठ्ठे जॅकार्डवर चढवलेले. चादर विणून खाली उतरली की त्यातले फक्त लाल सूत बाजूला काढा म्हटले, तर ते जमत नाही. कपाटातल्या सीडीवर किंवा मोबाइलमध्ये आपण जे गाणे ऐकतो ते असे विणून झालेले कापड असते.

परंतु स्टुडिओत ते तसे जन्मलेले नसते. गायकाचा आवाज, गिटार, बेस गिटार, ड्रमसेटमधले प्रत्येक वाद्य हे सगळे वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित होते आणि नंतर, कोणाला किती पुढे आणायचे हे ठरवून, एकत्र केले जाते. या एकत्र करण्याला मिक्सिंग म्हणतात. वेगवेगळ्या पट्ट्यांचे जे सुटे गट जपून ठेवलेले असतात त्यांना स्टेम म्हणतात. ही झाली रंगांनुसार ठेवलेली सुताची बॉबिने. रिमिक्स करणाऱ्याला बँड ही बॉबिने देतो, चादर देत नाही. त्यातला आवाजाचा ताणा तो तसाच ठेवू शकतो, बाणा सगळा बदलू शकतो, किंवा मूळ नक्षीत कोपऱ्यात असलेला एखादा धागा उचलून त्याचीच नवी नक्षी करू शकतो.

बॉबिने हरवली तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडच्या द क्युअर या बँडचे आहे. १९९० मध्ये त्यांनी ‘मिक्स्ड अप’ हा रिमिक्सचा अल्बम काढला तेव्हा त्यांच्या दोन जुन्या गाण्यांच्या मूळ टेपच सापडल्या नाहीत, म्हणून ती दोन्ही गाणी नव्याने वाजवून आणि गाऊन मुद्रित करावी लागली. आज संगणकाच्या साहाय्याने तयार गाण्यातूनही आवाज वेगळा काढता येतो, पण असे उसवलेले सूत थोडे विसविशीतच असते. आवाजाच्या कडांना झांजेचा किंवा गिटारचा अंश चिकटून राहतो.

आपली जॅकार्डची चादर उलटून पाहिली की तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. जी पार्श्वभूमी होती ती फूल होते आणि फूल पार्श्वभूमी होते. मला चांगले रिमिक्स ऐकताना नेहमी त्या उलट्या बाजूची आठवण येते. धागा तोच असतो, पण आपण इतकी वर्षे ज्या बाजूने पांघरली ती बाजू आता खाली गेलेली असते.

नाचणाऱ्यांना काय हवे असते

गाणे ऐकण्यासाठी केलेले असते आणि नाचाचे संगीत वापरण्यासाठी, हा फरक लक्षात आला की पुढचा बराचसा गुंता सुटतो.

लेझीम खेळणाऱ्यांच्या रांगा आठवून पाहा. हलगीवाल्याने लय जराशी सैल सोडली तर पहिली रांग पाऊल टाकते आणि शेवटची अडखळते. त्याउलट भजनात बुवा एखादी ओळ भावाच्या भरात लांबवतात आणि तबलजी त्यांच्यामागून जातो. त्यात कोणाचे काही बिघडत नाही, उलट गोडी वाढते. रॉक संगीत या बाबतीत भजनाच्या जवळचे आहे. ड्रमवाला ध्रुवपदाकडे जाताना नकळत घाई करतो, कडव्यात परत सैलावतो, आणि या चढउतारालाच आपण जोश म्हणतो. नाचाचे संगीत लेझमीच्या बाजूचे. त्यात किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, प्रत्येक मात्रेला सारख्या अंतराने वाजतो आणि तो ठोका संपूर्ण गाण्यात हलत नाही.

हा वेग मिनिटाला किती ठोके यावर मोजतात. क्लबमधल्या हाऊस प्रकारच्या संगीतात तो साधारण १२० ते १३० असतो. मिनिटाला १२० ठोके म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. आता चार मात्रांचे एक आवर्तन धरले, तर बत्तीस आवर्तने एक मिनिट चार सेकंदांत होतात, आणि कित्येक डान्स रिमिक्सच्या सुरुवातीला साधारण एवढा वेळ केवळ ठोकाच ऐकू येतो. घरी ऐकणारा वैतागतो की गाणे सुरूच होत नाही. डीजेला मात्र तो मिनिटभराचा मोकळा ठोका अत्यावश्यक असतो, कारण आधीचे गाणे संपत असताना त्याच्या ठोक्यावर नव्याचा ठोका बसवायला त्याला तेवढी जागा लागते. रेल्वेच्या डब्याला जोडणीचा आकडा असतो तसे नव्हे, तर दोन चादरींच्या मध्ये कातरायला सोडलेल्या कोऱ्या पट्टीसारखी ती जागा असते: स्वतःची नक्षी नसलेली, पण कामाची.

ही सगळी पद्धत रॉकवाल्यांनी शोधलेली नाही. जमैकातल्या किंगस्टन शहरात किंग टबी नावाने प्रसिद्ध झालेला तंत्रज्ञ रेडिओ आणि ध्वनियंत्रे दुरुस्त करीत असे. १९७० च्या दशकात त्याने तयार गाण्यांतला आवाज मधूनच गायब करणे, ढोल आणि बेस पुढे आणणे, एखाद्या शब्दाला घुमवत ठेवणे असे प्रयोग केले, आणि त्यातून ‘डब’ ही शैली घडली. मिक्सिंगचे यंत्रच वाद्यासारखे वाजवता येते, ही कल्पना तिथून आली. त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांनी नाचासाठी गाणी लांबवायला सुरुवात केली. एकदा छोट्या कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून त्यांचे मिश्रण मोठ्या तबकडीवर कापले गेले आणि खाचांना ऐसपैस जागा मिळाल्यामुळे आवाज कितीतरी भरदार आला. पुढे १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्स यांनी लांबवलेले ‘टेन पर्सेंट’ हे नऊ मिनिटांहून मोठे गाणे बारा इंची तबकडीवर विक्रीला आले. सर्वसामान्य ग्राहकांसाठी निघालेली ती पहिली बारा इंची सिंगल, म्हणजे एकाच गाण्यासाठी काढलेली तबकडी, मानली जाते. खाच रुंद असली की खर्जातला ठोका जोरात कोरता येतो, इतके साधे भौतिक कारण या साऱ्या प्रकारामागे आहे.

आणि खर्जाचा मुद्दा आपल्या वादातही महत्त्वाचा आहे. नाचाच्या संगीतातल्या किकचा मुख्य जोर पन्नास-साठ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास असतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून शंभर हर्ट्झखालचे काही जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून मोबाइल टेबलावर ठेवून रिमिक्स ऐकणाऱ्याला पोकळ टकटक ऐकू येते आणि चांगल्या हेडफोनवर ऐकणाऱ्याच्या छातीत धक्का बसतो. दोघे नंतर वाद घालतात तेव्हा त्यांनी एकच वस्तू ऐकलेलीच नसते.

रॉक गाणे या साच्यात कुठे अडते

समजा मूळ गाण्याचा वेग मिनिटाला १०५ ठोके आहे आणि रिमिक्स करणाऱ्याला १२८ हवेत. म्हणजे गायकाचा आवाज बावीस टक्क्यांनी घाईत आणायचा. जुन्या टेपवर वेग वाढवला की पट्टीही चढत असे. सुमारे सहा टक्के वेग वाढला की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. आता संगणक पट्टी न बदलता वेग बदलू शकतो. पण श्वास घेण्याची, शब्दाच्या शेवटी रेंगाळण्याची जी मोकळीक गायकाने घेतलेली असते ती आक्रसते, आणि वेदनेने म्हटलेली ओळ लगबगीची वाटू लागते. ज्यांनी ती ओळ शेकडो वेळा ऐकली आहे त्यांना हे तत्काळ खुपते, आणि त्यांचे खुपणे अगदी रास्त आहे.

चतुर रिमिक्सकार यावर वेगळा मार्ग काढतात. ते आवाजाला धावायला लावत नाहीत. मूळ लय सत्तरची असेल तर भोवती तिची दुगुन म्हणजे १४० ची वीण बांधतात, त्यामुळे गायक आपल्या चालीने गातो आणि वाद्ये दुप्पट वेगाने चालतात. काही जण संपूर्ण कडवे सोडून देतात आणि एकाच ओळीवर सगळे उभे करतात.

दुसरी अडचण रचनेची. रॉक गाणे कडवे, ध्रुवपद, कडवे, ध्रुवपद असे चालते आणि गोष्ट सांगत जाते. नाचाच्या संगीतात ताण हळूहळू वाढवत नेतात, मग क्षणभर सगळे थांबवतात आणि एकदम पूर्ण ताकदीने ठोका परत आणतात. या क्षणाला ‘ड्रॉप’ म्हणतात. रॉकमध्ये शिखर गायकाच्या आवाजात असते, इथे ते गायक गप्प झाल्यावर येते. बँडच्या चाहत्याला जो माणूस ऐकायचा असतो तो नेमका मोक्याच्या क्षणी बाजूला सारला जातो, आणि मला वाटते की नाराजीचे सर्वांत खोल कारण हेच असावे, जरी तक्रार करताना लोक ‘फार गोंगाट आहे’ एवढेच म्हणत असले.

श्रोत्यांच्या मतांमागे काय असते

अशा अल्बमविषयी मतांच्या काही ठरावीक तऱ्हा पुन्हा पुन्हा ऐकू येतात. ‘मूळच बरे होते’ हे पहिले मत. ‘व्यायाम करताना किंवा गाडी चालवताना छान’ हे दुसरे. ‘तीन-चार गाणी उत्तम, बाकीची भरताड’ हे तिसरे, आणि माझ्या अनुभवात ते बहुधा सर्वांत विचारपूर्वक दिलेले असते.

पहिले मत देणाऱ्याचे त्या गाण्याशी नाते जुळलेले असते. परीक्षेच्या रात्री, घरापासून दूर खोलीवर, कोणाच्या तरी जाण्यानंतर त्याने ते ऐकलेले असते. गाण्यातला प्रत्येक ठोका त्याला पाठ असतो, आणि पाठ असलेल्या गोष्टीत बदल झाला की मेंदू आधी चूक शोधतो, मग नवीन काय आहे ते पाहतो. दुसरे मत देणाऱ्याला गाण्याचा उपयोग हवा असतो. घरी तव्यावरची गरम, मऊ भाकरी खाणाऱ्याच्या हाती आपली कडक भाकरी दिली तर तो म्हणेल, ही वाळून गेली. ती मुद्दामच वाळवलेली असते, कारण ती प्रवासात टिकायला हवी असते. पीठ तेच, ज्वारीही तीच, काम वेगळे. पण म्हणून प्रत्येक कडक झालेली भाकरी चांगली ठरत नाही, आणि इथे तिसऱ्या मताचे महत्त्व आहे.

याला इतिहासाचीही एक किनार आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस डिस्को संगीताविरुद्ध रॉकप्रेमींचा राग इतका वाढला होता की १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या नृत्यगृहांत वाढलेले संगीत होते, आणि त्या रागात त्या लोकांविषयीचा तिटकाराही मिसळला होता, असे अनेक अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. ‘खरी वाद्ये वाजवणारे’ आणि ‘नुसते नाचणारे’ ही भिंत तेव्हापासून कानात बसलेली आहे. आपल्या पोरांना त्या मैदानाची माहिती नसते, पण ‘यंत्रावरचे संगीत म्हणजे खोटे’ हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलेले असते.

‘हा मूळ गाण्याचा अपमान नाही का?’

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो प्रेमातून येतो. पण त्यात एक गोष्ट सुटते: बहुतेक वेळा हे काम बँडच्याच इच्छेने झालेले असते. स्कॉटलंडच्या प्रायमल स्क्रीम या बँडने १९८९ च्या आपल्या अल्बममधले एक संथ, उदास गाणे अँड्र्यू वेदरऑल या डीजेकडे दिले. त्याने आधी जपून, थोडेच बदल केले. बँडच्या गिटारवाद्याने त्याला सांगितले की असे भीतभीत नको, पार मोडून टाक. मग जे तयार झाले त्यात मूळ गाण्याचे थोडेच अवशेष उरले होते, नावही ‘लोडेड’ असे नवे होते, आणि १९९० मध्ये तेच बँडचे पहिले मोठे यश ठरले. त्याच वाटेने पुढे जाऊन १९९१ मध्ये त्यांनी केलेल्या अल्बमला पुढच्या वर्षी ब्रिटनचा पहिला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. या उदाहरणात मोडतोडीने बँडला स्वतःचा पुढचा रस्ता दाखवला.

शिवाय मूळ गाणे कुठेही जात नाही. जुन्या वास्तूच्या जागी नवी बांधली तर जुनी नाहीशी होते. रिमिक्सने तसे होत नाही.

‘तयार तुकडे जोडण्यात कसली कला?’

मागावर सूत घालणारा सूत कातत नाही, तरी विणकाम ही कला आहेच. पूर्वेकडच्या पेठांतल्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालले, तिथल्या कोणालाही विचारले तर तो सांगेल की तेच सूत दोन हातांत दिले तर दोन वेगळी कापडे निघतात. रिमिक्समध्ये कला आहे ती निवडीत: कोणता धागा ठेवायचा, कोणता सोडायचा, गप्प कुठे बसायचे.

निवड नसली की काय होते तेही सांगायला हवे, कारण अशा अल्बमांत असे काम पुष्कळ असते. ध्रुवपदाचा आवाज उचलायचा, खाली तयार ठोका घालायचा, आधी चढ, मग ड्रॉप, संपले. असल्या रिमिक्सखाली कोणत्याही दुसऱ्या बँडचा आवाज ठेवला तरी फरक पडणार नाही. माझी कसोटी हीच आहे: आवाज काढून घेतला तरी हे या गाण्यातूनच निघाले आहे असे ओळखू येते का? येत असेल तर करणाऱ्याने गाणे ऐकले आहे.

‘हे सगळे पैशासाठीच ना?’

काही अंशी होय. नवी गाणी लिहिण्यापेक्षा रिमिक्सला खर्च आणि वेळ कमी लागतो, दोन अल्बमांमधल्या काळात बँडचे नाव चर्चेत राहते आणि रॉक न ऐकणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत गाणे पोचते. पण गिऱ्हाईक दर वेळी फसलेलेच असते असे मानण्याचे कारण नाही. १९९२ मध्ये यू टू या आयरिश बँडची एक सिंगल ब्रिटनच्या खपाच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. काही आठवड्यांनी पॉल ओकनफोल्ड यांचा सहभाग असलेले तिचेच रिमिक्स आठव्या क्रमांकावर पोचले. मूळ गाणे उपलब्ध असताना लोकांनी रिमिक्सही विकत घेतले.

‘मग सगळा अल्बम सलग ऐकताना कंटाळा का येतो?’

माझ्या मते या साऱ्या वादात श्रोत्यांचा सर्वांत बिनतोड आक्षेप हाच आहे. डान्स रिमिक्स जन्मतो एकट्याने. रात्रीच्या तीन-चार तासांत, आधी आणि नंतर दुसऱ्याच कोणाची गाणी असताना, मधल्या एखाद्या क्षणी वाजण्यासाठी. त्याचा ताण आणि त्याचे शिखर त्या रात्रीच्या चढणीचा भाग असते. असे दहा-बारा तुकडे, दहा-बारा जणांनी एकमेकांचे काम न ऐकता केलेले, एकापुढे एक ठेवले की प्रत्येक पाच मिनिटांनी शिखर येते आणि मग कोणतेच शिखर उंच वाटत नाही.

लिंकिन पार्कचेच याआधीचे उदाहरण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. २००२ च्या जुलैमध्ये त्यांनी ‘रीॲनिमेशन’ हा पहिला रिमिक्स अल्बम काढला. २००० च्या पदार्पणाच्या अल्बमवर तो आधारलेला होता आणि त्याचा कल क्लबकडे नव्हता, हिपहॉपकडे होता. पण खरा फरक बांधणीचा आहे. बँडच्याच माइक शिनोडा यांनी त्याची सूत्रे हातात ठेवली, बाहेरच्या रॅपरांकडून नवी कडवी लिहवून घेतली, गाण्यांच्या मध्ये लहान दुवे ठेवले, आणि आरंभ तंतुवाद्यांनी केला. बारा विणकरांना सूत वाटून दिले तरी नक्षीचे पुठ्ठे एकाच घरात कापले गेले. ‘रिचार्ज्ड’मध्येही काही रिमिक्स शिनोडांचेच आहेत आणि स्टीव्ह आओकी या डीजेबरोबर केलेले एक नवे गाणे आहे, तरी तो अल्बम मला संग्रहच वाटतो, एकसंध काम वाटत नाही. पुतण्याची नाराजी मला इथे पटते. त्याच्या मित्राचाही एक मुद्दा मात्र खोडता येत नाही: ‘लिव्हिंग थिंग्ज’मध्येच संगणकी ध्वनी इतके होते की ती गाणी नाचाच्या दाराशी आधीच उभी होती.

त्यानंतरच्या रविवारी मी दोघांना पुन्हा बोलावले आणि सलग अल्बम न लावता एक मूळ गाणे, लगेच त्याचे रिमिक्स, असे हेडफोनवर ऐकायला सांगितले. या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ रोजी गेला. हे दोघे तेव्हा शाळेत होते. एका रिमिक्समध्ये ठोका परत येण्याआधी सगळी वाद्ये थांबतात आणि त्याचा आवाज एकटा उरतो. मूळ गाण्यात गिटारच्या आड गेलेला त्याचा श्वास तिथे स्पष्ट ऐकू येतो. पुतण्याने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला, मग आणखी एकदा. ठोका सुरू झाला तेव्हा मात्र त्याने हेडफोन काढून मित्राच्या हातात दिला.